जमिनीचा जुना एक्स-रे

छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की अनुभवी डॉक्टर लगेच औषध लिहीत नाही. तो आधी विचारतो, ‘जुना एक्स-रे आहे का?’ पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच डाग तेवढाच असेल, तर तो बहुधा भरून आलेला जुना व्रण. तेव्हा नसेल, तर पुढच्या तपासण्या तातडीने करायच्या. ती जुनी फिल्म कदाचित नोकरीच्या वैद्यकीय तपासणीसाठी काढलेली असते. तिचा असा उपयोग होईल हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसते. घरच्यांनी पिशवीत घालून ठेवली, म्हणून ती कामी येते.

विमानातून काढलेली जुनी छायाचित्रे हा जमिनीचा असाच एक्स-रे आहे. इंग्लंडमधील स्टोनहेंज या शिळावर्तुळाकडे जाणारा एक प्राचीन मार्ग होता, दोन्ही अंगांना चर असलेला. त्याचा बराच भाग शेतीखाली हरवला होता. १९२१ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने त्या परिसराची छायाचित्रे घेतली. पुढे दोन वर्षे त्यात कुणाला काही दिसले नाही. १९२३ मध्ये सरकारी नकाशा खात्यातील पुरातत्त्व अधिकारी ओ. जी. एस. क्रॉफर्ड ती चाळत असताना त्यांना शेतात दोन पुसट समांतर रेषा दिसल्या. त्याच वर्षी तिथे खणून पाहिले, तेव्हा चर सापडले.

यात जादू काही नाही. बुजलेल्या चरातली माती खोल असते आणि ओल धरून ठेवते. तिच्यावरचे पीक उंच व हिरवे राहते. पुरलेल्या भिंतीवरचे पीक मात्र लवकर पिवळे पडते. पाऊस ओढ देतो त्या वर्षी हा फरक उठून दिसतो. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात आयर्लंडमधील न्यूग्रेंजजवळ ड्रोनने टिपलेले अज्ञात भव्य वर्तुळ असेच पिकातून उमटले होते. दुसरी युक्ती तिरप्या उन्हाची. मानेच्या शिरेतील स्पंदन पाहताना डॉक्टर उजेड तिरपा पाडतो, तसेच सकाळ-संध्याकाळच्या उन्हात जमिनीचे वीतभर उंचवटेही सावली टाकतात. म्हणजे एका दिवशी दिसलेले दुसऱ्या दिवशी दिसेलच असे नाही. त्यामुळे एका चांगल्या छायाचित्राने भागत नाही, अनेक वर्षांचा संग्रह लागतो.

सीरियाचे उदाहरण तर निदानच बदलल्याचे आहे. आंत्वान पॉयदबार या फ्रेंच धर्मगुरूंनी १९२० आणि ३० च्या दशकांत विमानातून फिरून वाळवंटातील ११६ रोमन किल्ल्यांची नोंद केली. उत्तर-दक्षिण रांगेत दिसणारे हे किल्ले म्हणजे साम्राज्याची पूर्वेकडची संरक्षक फळी, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात ‘कोरोना’ नावाच्या हेर उपग्रहांतून पृथ्वीची छायाचित्रे घेतली. (विषाणूच्या साथीशी या नावाचा काही संबंध नाही.) फिल्मची कुपी अवकाशातून खाली सोडायची आणि पॅराशूटला लटकलेली ती कुपी विमानाने हवेतच पकडायची, असा तो खटाटोप होता. आठ लाखांहून अधिक छायाचित्रे १९९५ मध्ये खुली करण्यात आली. ही आणि नंतरच्या हेर उपग्रहांची छायाचित्रे तपासून २०२३ मध्ये संशोधकांनी आणखी ३९६ किल्ले किंवा किल्लेवजा वास्तू दाखवून दिल्या. त्या एका रांगेत नसून पूर्व-पश्चिम पसरलेल्या आहेत. म्हणजे ती तटबंदी नसून काफिल्यांच्या व प्रवाशांच्या वाटेवरची ठाणी असावीत, असे ते सुचवतात. आता तिथे जाऊन सगळे पडताळून पाहणे शक्य नाही. अनेक जागांवर नांगर फिरला आहे आणि वस्ती झाली आहे. युफ्रेटिसचा मोठा पट्टा तर १९७० च्या दशकात तब्का धरणाच्या पाण्याखाली गेला.

पण फिल्म आपोआप टिकत नाही, हे वैद्यकाने महाग किंमत मोजून शिकले आहे. १९२९ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये साठवलेल्या नायट्रोसेल्युलोज एक्स-रे फिल्मनी पेट घेतला आणि १२३ जण दगावले. त्यानंतर ॲसिटेटची ‘सुरक्षित’ फिल्म सर्वत्र आली. ती भडकत नाही, पण उष्ण दमट खोलीत कुजते. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला की समजावे, कूज सुरू झाली आहे आणि ती आता वाढतच जाणार. जुन्या हवाई छायाचित्रांच्या फिल्मही याच घराण्यातल्या. थंड, कोरडी खोली आणि वेळेत स्कॅनिंग, एवढाच त्यावर इलाज आहे. एक्स-रे फिल्म तर भंगारवाला चांदीसाठी किलोवर विकत घेतो. नोंदींच्या खोलीकडे अडगळ म्हणून पाहण्याची सवय सगळ्याच सरकारी खात्यांना आहे.

भारतात नकाशांसाठी सर्व्हे ऑफ इंडियाने दशकानुदशके हवाई छायाचित्रे वापरली. सुरक्षेच्या कारणाने ती सामान्य अभ्यासकाला दुर्मीळच राहिली. २०२१ मध्ये नकाशांविषयीचे नियम बरेच सैल झाले. मग पन्नास-साठ वर्षांपूर्वीची छायाचित्रे कुणापासून लपवायची? आजचे उपग्रहचित्र शाळकरी मुलगाही फोनवर पाहतो. उजनीचे पाणी आटले की पळसदेवचे मंदिर वर येते आणि लोक ते पाहायला जातात. पण त्या गावांचे धरणापूर्वीचे शिवार, वाटा, विहिरी आकाशातून कशा दिसत होत्या, हे पाहण्याची सोय त्या लोकांना असायला हवी.

कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. काही शिल्पे एवढी मोठी आहेत की जवळ उभे राहून ती नीट कळतच नाहीत, ड्रोनच लागतो. त्याच सड्यांवर चिऱ्याच्या खाणीही चालतात. हौशी मंडळी उत्साहाने चित्रण करतात, पण ते बहुतेकदा फोनमध्ये किंवा समाजमाध्यमांवर विरून जाते. तारीख नाही, नेमके ठिकाण नाही, मापपट्टी नाही. नाव आणि तारीख नसलेला एक्स-रे कितीही सुबक निघाला तरी तो कुणाच्या कामाचा? ठिकाण जाहीर केले तर नासधूस होईल, ही भीती खरी आहे. पण रुग्णाची नोंद गुप्त ठेवतात म्हणून ती ठेवायचीच नाही, असे कुणी म्हणत नाही. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाने अशी छायाचित्रे जमा करून घ्यायची आणि नेमके ठिकाण अभ्यासकांपुरते ठेवायचे, हे अवघड नाही.

सगळ्यात मोठी संधी तर हातात आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत मालमत्ता पत्रकांसाठी गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे. अनेक जुनी गावठाणे पांढरीवर वसली आहेत, आणि पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीने साचलेला थर. जुने वाडे पडून काँक्रीट उभे राहण्याआधीचे हे कदाचित शेवटचे चित्र. मालमत्ता पत्रके वाटून झाल्यावर ती मूळ छायाचित्रे कुठे, कोणाच्या ताब्यात आणि किती वर्षे राहणार, हे सरकारने आताच लेखी ठरवावे.