राजाबाईंच्या नावाने विज्ञान शिष्यवृत्ती हवी

मा. कुलगुरू, मुंबई विद्यापीठ
यांस,

व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये आपल्या विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव लागलं. कोलकाता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले आणि तिथे त्यातून शिष्यवृत्ती सुरू झाली. १९१९ मध्ये ती मेघनाद साहांना मिळाली. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा त्या आधारावर लंडनला फाउलर आणि बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळांत काम करू शकला. ताऱ्यांचे वर्णपट उलगडणारं त्यांचं आयनीभवनाचं सूत्र याच काळात जगापुढे आलं.

आपणही राजाबाईंच्या नावाने विज्ञानाच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू करावी, अशी माझी विनंती आहे.

विज्ञानासाठीच का? कॉमर्सचा मुलगा सकाळचं कॉलेज उरकून दुपारी नोकरी गाठू शकतो. बीएस्सीच्या मुलीची दुपार प्रॅक्टिकलमध्ये जाते. टायट्रेशन अर्धवट टाकून निघता येत नाही आणि जर्नल सर्टिफाय झालं नाही तर परीक्षाच अडते. कर्जत-पालघरची मुलगी लोकलने घरी पोचेपर्यंत शिकवण्या घेण्याची वेळही टळून जाते. घरची ओढाताण असेल तर अशी मुलगी विज्ञानाचा नाद सोडते. तिला हवा असतो तो अभ्यासाला मोकळा वेळ, आणि तो पैशानेच मिळतो.

म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात. रक्कम बक्षीस समारंभात नव्हे, प्रवेशाच्या वेळीच हाती पडावी. फी, पास आणि मेस तेव्हाच भरायचे असतात. शिष्यवृत्ती तिन्ही वर्षं मिळावी. एखादी केटी लागली म्हणून बंद होऊ नये. आणि निधीच्या व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात घालावा. नाहीतर आईवडिलांच्या स्मरणार्थ श्रद्धेने ठेवलेल्या ठेवीचं व्याज काही वर्षांनी एका पुस्तकालाही पुरत नाही.

निधीसाठी माजी विद्यार्थ्यांना हाक द्या. आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेले आमच्यासारखे पुष्कळ आहेत. पहिल्या देणगीदारांत माझं नाव जरूर धरा.

आपली नम्र,
विज्ञान शाखेची एक माजी विद्यार्थिनी