देव न मानता काकडा

कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात पहाटे काकडा होतो. मी देव मानत नाही आणि हे देवळातल्या बुवांना ठाऊक आहे. तरी त्या महिन्यात गावी असले की मी तिथे असतेच. यात काही विसंगती आहे असं मला वाटत नाही.

कापड पिळून, तुपात भिजवून केलेली जाड वात म्हणजे काकडा. तो पेटवून देवाला जागं करायचं, एवढंच निमित्त. पण भजन ऐकत गेलं की कळतं, देवाबरोबर सगळा गाव जागा होतोय. मंगलाचरण आणि भूपाळ्या झाल्या की वासुदेव येतो. मग आंधळा, पांगळा, मुका, बहिरा, जोगी यांची पदं. पुढे गौळणी, काल्याचे अभंग आणि आरती. पहाटे गल्लीतून मागत फिरणारी, वेशीपाशी हात पसरून बसणारी ही माणसं. संतांनी त्यांच्या तोंडून देवाशी बोलायचं ठरवलं. एकनाथांनी तर पैठणमध्ये बसून महार, जोशी, गोंधळी, वासुदेव अशी अवघी वस्ती भारुडांत उभी केली. देव आहे की नाही, या वादाच्या कितीतरी पुढे गेलेली ही गोष्ट आहे. पांगळ्याचं पद उंच पट्टीत उचललं जातं, समोरासमोर उभे टाळकरी ते धरतात, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो आणि तो खरा असतो.

पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापतात, त्याशिवाय तो भरीव घुमारा येत नाही. कणीक किती, किती सैल, हे वाजवणाऱ्याच्या बोटांना माहीत. चालींचंही तसंच. आमच्याकडे त्या कुणी कागदावर मांडलेल्या नाहीत, बापाच्या मागे उभं राहून मुलगा शिकला. हे सगळं माणसांनी घडवलं, शेतातली कामं उरकून घडवलं. मग त्यावर माझाही हक्क आहे, आणि हक्क आहे म्हणून शिकण्याची जबाबदारीही.

अंधश्रद्धाविरोधी चळवळीतले मित्र विचारतात, टाळ हातात घेतलास की श्रद्धेला बळ देत नाहीस का? प्रश्न रास्त आहे. नवस, अंगात येणं, चमत्कार यांच्याविरुद्ध मी बोलते आणि बोलत राहीन. पण त्यासाठी पांगळ्याचं पद सोडून द्यावं लागत नाही. उलट बाजूने एक आजोबा म्हणाले होते, ‘ताई, भाव नसेल तर भजन कोरडं.’ त्यांचा भाव माझ्याकडे नाही, हे मला मान्य आहे. माझ्याकडे आहे ते प्रेम, आणि तेही कोरडं नसतं. भजन संपल्यावर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहानथोर असा भेद नाही, समोरचा माउली. सत्तरीचा शेतकरी माझ्या पायांशी वाकतो आणि मी त्याच्या. तिथे मला नमस्कार घालायला देव लागत नाही.

मात्र या वारशातलं गोड तेवढं उचलून चालत नाही. संत चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेर आहे. त्यांच्या, अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना आत पाऊल टाकायला 1947 साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजी मे महिन्यात दहा दिवस उपाशी राहिल्यावर. ज्यांच्या अभंगांवर माना डोलत होत्या, त्यांच्याच लेकरांना दार बंद होतं. चोखोबांचा अभंग गाताना हे आठवत नसेल तर ती गोडी मला नको. वारसा माझा म्हणायचा तर हा हिशेबही माझाच. आमच्या देवळात आजही वीणा बाईच्या गळ्यात पडत नाही. मी बुवांकडे विषय काढला आहे. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, हो सुद्धा म्हटलेलं नाही. पुन्हा काढीन.

दरम्यान काम आहे. मुका आणि बहिरा यांच्या जुन्या चाली आता बुवांसकट दोघातिघांनाच येतात, आणि गावातली तरुण मुलं नोकरीसाठी पुण्याला. श्रद्धा असलेले पुरेसे उरले नाहीत तर नसलेल्यांनी उभं राहावं. बुवांनी दुपारी शिकवायचं कबूल केलंय, त्यांची एकच अट आहे: आवाज चोरायचा नाही.