सागरापार एक वर्ष



माझी पुतणी कार्तिकी पौर्णिमेनंतर एका वर्षासाठी केनियास जात आहे. कृत्रिम पाय बसविण्याच्या शास्त्रात तिने पदवी घेतली आहे. एका जैन सेवाभावी संस्थेच्या वतीने तेथील खेड्यांतून पाय गमावलेल्यांना ती पाय बसवून देणार आहे. वेतन नाही, राहणे-जेवणे संस्थेचे, विमानभाडे आमचे. घरात ही वार्ता निघाली तेव्हा विरोध करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

विरोधाची कारणे आपल्या घरांतून निराळी ती काय असणार? वय सव्वीस, स्थळे येत आहेत. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि कंदमुळांचा त्याग परक्या मुलखात कसा पाळला जाणार? आमच्या मातुःश्रींनी, ज्यांना घरात सारे ‘बा’ म्हणतात, थेट दिग्व्रताचे नाव काढले. सम्मेतशिखर आणि गिरनार यांपलीकडे पाऊल टाकायचे नाही, असे व्रत त्यांनी तरुणपणीच घेतले आहे. समुद्राच्या दिशेस तर त्यांची सीमा आमच्या अंगणातच संपते. पुतणीने शांतपणे उत्तर दिले, “बा, दिग्व्रत लोभाला आवर घालण्यासाठी असते ना? मग माझीही सीमा ऐका. एक वर्ष, एक जिल्हा, आणि परत येताना खरेदी काही नाही.” बा त्यावर काही बोलल्या नाहीत, परंतु माळही खाली ठेवली नाही.

खरा प्रश्न माझ्या थोरल्या बंधूंनी विचारला. “सेवाच करायची तर हर्ण्यात काय कमी आहे?”

हा प्रश्न आम्हा सर्वांनाच बोचला. चार पिढ्या आमचे दुकान या बंदरात आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर मासळीचा लिलाव भरतो, त्या वेळी आम्ही दुकानात दिवाबत्ती करतो. तांडेल आणि खलाशी आमच्याकडून धान्य, साखर, दोर नेतात. त्यांची उधारी आम्हांस तोंडपाठ असते. त्यांच्या घराचा उंबरा मात्र आमच्यापैकी फार थोड्यांनी ओलांडला असेल. पुतणीने तो ओलांडला होता. गेल्या वर्षी पाय गमावलेल्या एका खलाशाचे माप घेण्यास ती त्याच्या घरी गेली होती. माप बिनचूक घेतले. निघताना त्याने विचारले, “ताई, ह्यो पाय घालून पाण्यात उतरता येल ना?” येथे होडीवर चढायचे तर कमरेएवढ्या पाण्यातून जावे लागते, हे तिला जन्मापासून ठाऊक होते, पण विचारायचे सुचले नव्हते. “काका,” ती मला म्हणाली, “ज्या गावात वाढले तिथे माझी ही स्थिती. तिकडे तर मला पहिल्यापासून शिकावे लागेल.” बंधूंच्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे, हे मी जाणतो, परंतु माझा विरोध त्या दिवशी निम्मा झाला.

उरलेला निम्मा जुन्या इतिहासाने घालविला. आपण सागरापार जाण्याची चर्चा करतो, पण सागरापारहून सेवेच्या नावाने माणसे याच किनाऱ्यावर उतरली होती. स्कॉटिश मिशनरी मंडळींनी १८२३ पासून बाणकोट आणि हर्णे येथे ठाणी केली. त्यांपैकी डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी निवर्तले. १८२९ च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन पत्नी मार्गारेट हिच्यासह मुंबईस उतरले आणि मुंबईत काम थाटण्यापूर्वी काही महिने बाणकोट-हर्ण्याकडे राहून मराठी शिकले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय मुंबईत आहे, तेच हे विल्सन. मार्गारेटबाईंनी पुढे मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये त्यांचे देहावसान झाले. विल्सन त्याच वर्षी गिरनारला गेले होते. तेथील अशोकाच्या लेखांची प्रत त्यांच्यामार्फतच जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे पोहोचली.

त्याच मिशनचे जॉन स्टीव्हन्सन यांचे नाव तर प्रत्येक जैन घरात माहीत असावयास हवे. पर्युषणात आपण ज्याचे वाचन ऐकतो ते कल्पसूत्र त्यांनी नवतत्त्वासह इंग्रजीत आणले. ते पुस्तक १८४८ मध्ये लंडनला छापले गेले. त्यात दोष पुष्कळ, असे नंतरच्या पंडितांनी दाखविले आहे. पण आपला धर्म बदलू पाहणाऱ्याने आपले सूत्र शिकावे आणि आपल्याला त्याची वार्ताही नसावी, याचे मला वैषम्य वाटते.

त्यांचा हेतू आपणांस मान्य होणे शक्य नाही. १८३९ मध्ये दोन पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून मुंबईत वादळ उठले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. सेवेचा हात पुढे करून समोरच्याची श्रद्धा मागणे, हा व्यवहार झाला. व्यापाऱ्याला तो लगेच ओळखू येतो. मात्र बोलण्याआधी परक्या गावात बसून अक्षरे गिरविण्याची त्यांची तयारी होती, ती नाकारता येत नाही.

आपल्यातील वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस गेले. निमंत्रण आचार्य आत्मारामजींना होते. साधुधर्मामुळे त्यांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी या तरुण श्रावकास तयार करून पाठविले. पुढे हिंदुस्थानात दुष्काळ पडला तेव्हा वीरचंदभाईंनी अमेरिकेतून जहाजभर धान्य पाठविण्याची व्यवस्था केली. समुद्र ओलांडला म्हणून समाजातील काहींनी मात्र त्यांना बहिष्काराची भीती घातली. १९०१ मध्ये, चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते गेले. आमच्या बैठकीत जे आवाज चढले ते त्या काळी चढलेल्या आवाजांहून फार वेगळे नव्हते, हे लक्षात येऊन मी ओशाळलो.

तत्त्वार्थसूत्रात आभ्यंतर तपे सांगताना प्रायश्चित्तानंतर विनय येतो आणि त्यानंतर वैयावृत्त्य, म्हणजे सेवा. लहानपणी पाठशाळेत हा क्रम मी नुसता घोकला होता. पुतणी ज्या पायाचे काम करते त्या जयपूर फूटची कथाही अशीच आहे. परदेशी पायावर बूट चढवावा लागे, मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे. १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी आपली माणसे कशी बसतात-उठतात हे पाहून निराळा पाय घडविला.

बंधूंना निरोपसमारंभ, शाल, फलक असे सारे करावयाचे होते. पुतणीने नकार दिला. गेले तीन महिने ती दुकानाच्या ओट्यावर बसून स्वाहिली शिकते आहे. दुकानाला तिकडे ‘दुका’ म्हणतात, हे ऐकून आमचा नोकरही हसला. कुणाला दुखले-खुपले तर ‘पोले’ म्हणायचे, आणि ‘पोलेपोले’ म्हणजे हळूहळू. परवा बा गुडघा धरून देवघरातून उठत होत्या. पुतणी लगबगीने पुढे झाली आणि म्हणाली, “पोले, बा.” बांनी अर्थ विचारला. तिने सांगितला. “मग मला काय म्हणायचे?” बा म्हणाल्या, आणि दोघी पुन्हा खाली बसल्या.