विश्लेषण : बालविवाह रोखला, पण पुढे त्या घरात काय होते?

‘बालविवाह रोखण्यात प्रशासनाला यश’ ही बातमी लग्नसराईत मोबाइलवर वारंवार झळकते. १०९८ वर कोणीतरी फोन करते, ग्रामसेवक आणि पोलीस दारात येतात, मांडव उतरवला जातो, आईवडील हमीपत्रावर सही किंवा अंगठा करतात. बातमी इथे संपते. मुलगी मात्र त्याच घरात असते आणि तिच्या लग्नाची घाई ज्यामुळे झाली ते कारणही तिथेच असते. यानंतर त्या घरी जाण्याची जबाबदारी जिल्हा बाल संरक्षण कक्षातील सामाजिक कार्यकर्त्यावर येते. बातमीत त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

मुलीला थेट बालगृहात का ठेवत नाहीत?

बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार, कायदेशीर वयाआधी लग्न होण्याचा धोका असलेले मूल हे ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते. अशा मुलीला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण व्हावी आणि समितीचा अंतिम आदेश चार महिन्यांत निघावा, असे कायदा सांगतो. संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय, मुलाची पहिली जागा कुटुंबात, हे या कायद्याचे मूळ तत्त्व आहे.

तत्त्व योग्यच आहे. पण ‘घर सुरक्षित आहे’ हे कोणीतरी पाहून लिहून द्यावे लागते. समितीच्या सदस्यांसमोर मुलगी काही मिनिटे बसते. तिच्या घरी जाऊन आलेला असतो तो कार्यकर्ता. त्याचा अहवाल चुकला तर मुलगी एकतर विनाकारण घरापासून तुटते, नाहीतर महिनाभराने तिचे लग्न दुसऱ्या तालुक्यात, नात्यातल्या कोणाच्या तरी घरी गुपचूप लागते.

गृहभेटीत नेमके काय पाहिले जाते?

कागदावर प्रश्न सोपे आहेत. घरात किती माणसे, उत्पन्न किती, मुलगी कितवीत, शाळेत जाते का, आणखी भावंडे किती. खरी माहिती मात्र पहिल्या भेटीत मिळत नाही. आईवडिलांसमोर मुलीला ‘तुला लग्न करायचे होते का?’ असे विचारले तर उत्तर ठरलेले असते. तिच्याशी एकटीशी बोलावे लागते. शाळेत, अंगणवाडीत, जमेल तिथे. सरकारी गाडी दारात उभी केली तर संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा होते आणि त्याचा राग मुलीवरच निघतो. ‘तुझ्यामुळे पोलीस आले’ हे वाक्य तिला अनेक दिवस ऐकावे लागते. बापाचा अपमान झालेला असतो, सोयरीक तुटलेली असते, खर्च बुडालेला असतो. अशा घरात जाऊन चहा घ्यायचा आणि मुलीला शाळेत पाठवा म्हणायचे, हे काम एका भेटीत होत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कुठे आई मोकळेपणाने बोलू लागते.

कोयत्याचा हिशेब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१), महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते. परभणी आणि बीडमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होते. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. इथे मजूर मोजतात ते कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला. दिवाळीच्या सुमारास जोडी फडावर गेली की चार-पाच महिने परत येत नाही. वयात आलेल्या मुलीला गावी म्हाताऱ्या आजीपाशी ठेवायचे की सोबत पालावर न्यायचे? दोन्हीकडे भीती आहे. लग्न लावले तर जबाबदारी संपते आणि नवा कोयताही तयार होतो.

‘तुम्ही गुन्हा केलाय’ एवढे सांगून हा हिशेब बदलत नाही. बालविवाह प्रतिबंधक कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. तो धाक लागतोच, पण ‘मग मुलीला ठेवू कुठे?’ या आईच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. ते शोधावे लागते कार्यकर्त्याला. हंगामी वसतिगृह सुरू आहे का, आजी खरेच सांभाळू शकते का, आठवीनंतरची शाळा किती लांब आहे, एसटी वेळेवर येते का. बाल संरक्षणाचा मोठा भाग असाच, एसटीच्या वेळापत्रकाइतका साधा असतो.

आर्थिक मदत मिळते का?

मिळू शकते. केंद्राच्या मिशन वात्सल्यअंतर्गत प्रायोजकत्व योजनेत पात्र मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळतात. ग्रामीण भागात कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये, इतरत्र ९६,००० रुपये. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात. विधवा किंवा परित्यक्ता आई, अनाथ मूल, आजारी पालक अशी घरे यात प्रामुख्याने येतात. फडावर काम करणारी धडधाकट जोडी या चौकटीत सहज बसत नाही. बसलीच तर उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, आधार, शाळेचा बोनाफाइड हवा, आणि हे गोळा करायचे दिवस नेमके ते गावाबाहेर असतानाचे. शेवटी आजीला घेऊन तहसीलला जाणारा माणूसही हाच कार्यकर्ता.

एका जिल्ह्याला किती कार्यकर्ते?

केंद्राच्या निकषांनुसार एका जिल्हा कक्षात दोन सामाजिक कार्यकर्ते, एक समुपदेशक आणि दोन क्षेत्र कार्यकर्ते असतात. बीडमध्ये तालुके ११ आणि गावे १,३००हून अधिक. मिशन वात्सल्यमध्ये सामाजिक कार्यकर्त्याचे मानधन दरमहा १८,५३६ रुपये, क्षेत्र कार्यकर्त्याचे १०,५९२ रुपये. पदे कंत्राटी. या लोकांकडे फक्त बालविवाहाची नव्हे तर हरवलेली मुले, अत्याचारग्रस्त मुले, बालकामगार अशी सगळीच प्रकरणे येतात. मग पाठपुराव्याची भेट फोनवर उरकली जाते. फोन उचलतो बाप आणि म्हणतो, ‘सगळं ठीक आहे साहेब.’

गावपातळीवर सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका यांचा समावेश असलेली ग्राम बाल संरक्षण समिती असते. ती जागी असेल तर कार्यकर्त्याचे निम्मे काम हलके होते. पण सरपंचाला त्या घरची मते हवी असतात आणि सेविकेला रोज त्याच गल्लीतून जायचे असते. तक्रार केली कोणी, हे गावाला कळायला वेळ लागत नाही. म्हणून बाहेरून येणारा, पगारी, प्रशिक्षित माणूस लागतोच.

प्रशासन रोखलेल्या लग्नांची संख्या जाहीर करते. त्याच मुलींपैकी सहा महिन्यांनी किती जणी शाळेच्या हजेरीपटावर आहेत, वर्षभरात किती गृहभेटी झाल्या, हेही प्रत्येक जिल्ह्याने त्याच पत्रकात द्यायला हवे. तो आकडा द्यायचा तर कार्यकर्त्यांची पदे वाढवावी लागतील, मानधन आणि प्रवासखर्च वेळेवर द्यावा लागेल. खर्च फार मोठा नाही. उसाचे गाळप सुरू होण्याआधी, निदान ऊसतोडीच्या पट्ट्यात, तालुक्याला एक माणूस नेमता येईल. दसऱ्यानंतर मुकादमाचे ट्रॅक्टर गावात येतात. हमीपत्र दिलेल्या घरी पुन्हा जायला त्याआधीचेच आठवडे हातात असतात.