घरचा संगणक : पडद्यावरील आप्तमंडळी

संगणक कांहीं वेळ निष्क्रिय राहिला म्हणजे पडद्यावर चित्रें फिरूं लागतात, त्यास स्क्रीनसेव्हर म्हणतात. पूर्वींच्या कांचनळीच्या पडद्यावर एकच चित्र फार वेळ राहिल्यास त्याचा कायमचा डाग उमटे. तो टळावा म्हणून ही युक्ति निघाली. आजच्या पातळ पडद्यांस तिची फारशी गरज नाहीं. तथापि तिचा दुसरा उपयोग आहे. घरचीं छायाचित्रें एका फोल्डरमध्यें ठेवून विंडोजच्या स्क्रीनसेव्हरांतून ‘फोटोज’ निवडावें, तो फोल्डर दाखवावा व गति मंद ठेवावी.

नवी मुंबईंतील करावे हें खाडीकांठचें जुनें आगरी-कोळी गांव. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, नवें शहर वसलें आणि भोवतालचीं शेतें इमारतींखालीं गेलीं. त्या काळच्या एखाद्या छायाचित्रांतील बांध कोणाचा, हें सांगणारीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. आपल्या एकत्र कुटुंबांतहि हीच गोष्ट. पडद्यावर चेहरा येतो, नांव येत नाहीं. यास्तव आजी पडद्यासमोर बसल्या असतां एखाद्या नातवंडानें वही घेऊन नांव, नातें, गांव व साल टिपून घ्यावें. हें काम पुढील सुटीवर मात्र टाकूं नये.