मीठ घालायचे कोणी?

"डिशवॉशर घेऊ नका, तीन-चार वर्षांत बंद पडतो. पूर्वीची यंत्रे बघा, वीस-वीस वर्षे चालायची." टाळेबंदीत कामवाल्या मावशी येईनाशा झाल्या आणि ज्या घरांत घाईने डिशवॉशर आला, त्या घरांतून आता हे वाक्य ऐकू येते. मला त्यातले काहीच पटत नाही.

आजीचा मिक्सर अजून फिरतो, म्हणून त्या काळचे सगळे मिक्सर दणकट ठरत नाहीत. जे जळाले ते भंगारवाल्याने कधीच नेले. साक्षीला येतो तो वाचलेलाच. शिवाय आजी तो मिक्सर मध्येमध्ये थांबवून थंड होऊ देई, आणि दुसऱ्या कोणाला हातही लावू देत नसे.

डिशवॉशर कशाने मरतो ते पाहा. बोअरवेलचे, टँकरचे पाणी बहुधा जड. ते तापले की क्षाराचा पांढरा थर हीटरवर आणि फिरत्या दांड्यांच्या छिद्रांत बसतो. तसे होऊ नये म्हणून यंत्राच्या पोटात रेझिन असते. ते पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवते आणि मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होते. मीठ संपले की दिवा लागतो. कित्येक घरांत तो दिवा नंदादीपासारखा अखंड तेवत असतो! कोणी घातलेच, तर डब्यातले बारीक आयोडीनयुक्त मीठ. ते गोळा होऊन बसते. तळाच्या जाळीत भाताची शिते आंबतात, पावडर संपली म्हणून सिंकवरचा लिक्विड साबण ओतला जातो आणि फेस दारातून बाहेर येतो. मग तक्रार कंपनीची.

"आपली तेलकट कढई त्याला झेपत नाही," हेही खोटे. खरकटे काढून टाकावे, जास्त तापमानाचा प्रोग्राम लावावा. स्टीलची कढई निघते. ॲल्युमिनियम काळे पडते, बिडाच्या तव्याचे तेलाचे अस्तर जाते. त्यांना आत घालणे ही चूक आपली.

दुचाकीचे ऑइल वेळेवर बदलणारा माणूस ही जाळी उघडूनही पाहत नाही, कारण स्वयंपाकघरातले यंत्र त्याच्या खात्यात येत नाही. पैसे एकाने भरायचे, भांडी दुसरीने लावायची आणि मीठ कोणीच घालायचे नाही. राबणाऱ्याची विचारपूस न करण्याची आपली सवय जुनीच आहे. ती यंत्रालाही लागू झाली, एवढेच.

म्हणून कंपन्या सुटतात असे नाही. युरोपीय संघात मार्च 2021 पासून डिशवॉशरचे पंप आणि हीटर दुरुस्ती करणाऱ्यांना किमान 7 वर्षे, तर जाळी, दांड्या, दाराचे रबर ग्राहकांनाही किमान 10 वर्षे मिळत राहतील अशी सक्ती आहे, आणि ती मुदत मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून मोजतात. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल आले; तिथे माहिती मिळते, सुट्या भागाची हमी नाही. ती मागायलाच हवी. पण क्षाराने चोंदलेले यंत्र पुढ्यात ठेवून नव्हे. आज जाळी काढून धुवा, डिशवॉशरचे जाड मीठ भरा. त्यानंतरही पंप गेला आणि "भाग मिळत नाही" असे उत्तर आले, तर खुशाल ग्राहक आयोगात जा.