गटरात चेहरा नको म्हणे!

आमच्या कोर्सला शेवटच्या वर्षी दोन कामं. एक शॉर्टफिल्म काढायची, आणि मग एखाद्या गुळगुळीत मासिकात शोभेल असं तिच्या जाहिरातीचं दोन पानी स्प्रेड करायचं. फिल्म काढली तेव्हा कुणी काही बोललं नाही. बारा मिनिटांची. गटारात उतरणारा एक माणूस, त्याची बायको, आणि कामावरून आल्यावर तो अंगाला घासघास घासतो तो साबण. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्प्रेड केलं आणि तिथं ह्यांच्या पोटात दुखलं.

छपाईच्या धंद्यात समोरासमोरच्या दोन पानांमधल्या घडीला गटर म्हणतात. मी त्या माणसाचा चेहरा दोन्ही पानांवर पसरला होता. नाक बरोबर घडीत. सर म्हणाले, "अरे, गटरात चेहरा टाकायचा नसतो. घाण दिसतं."

मी हसलो. वर्गात दुसरं कुणी हसलं नाही. त्यांना कळलंच नव्हतं.

दोस्तांनो, सरांचा नियम खोटा नाही. गोंदानं बांधलेलं जाड मासिक पूर्ण उघडत नाही, घडीजवळची पट्टी गिळली जाते. पण कागदाच्या गटरात एक छापील नाक गेलं तर ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांच्या सोसायटीच्या गटरात जिता माणूस गळ्यापर्यंत उतरतो तेव्हा ह्यांचं सौंदर्यशास्त्र कुठं झोपलेलं असतं? १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा आहे. २०१४ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, मेला तर घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ साली तीस लाख केले. भाव वाढला. उतरणं थांबलं नाही आणि उतरणाराची जातही बदलली नाही.

मग भांडण मथळ्यावर आलं. मथळ्यात मी जात लिहिली होती. ती काढ, युनिव्हर्सल होईल, 'एका बापाची हळवी कहाणी' असं कर, असा सल्ला. च्यायला, बाप सगळ्यांनाच असतो. सगळ्यांचा गटारात उतरतो का? वर पुन्हा आमच्याच ग्रुपमधली एक पोरगी, मनानं चांगली, म्हणते चाळीवर संध्याकाळचा नारिंगी रंग टाकू, छान वाटेल. आणि फेस्टिवलची पानं लावा म्हणे, ती दोन डहाळ्यांची. आम्हाला कुठल्या फेस्टिवलनं विचारलंय! नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' शिकत असतानाच केली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आता तेच सर वर्गात ती दाखवतात. डहाळी लागली की जात चालते.

१९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'नं पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. आता नकार देत नाहीत. चेहरा कुठं सरकवायचा ते सांगतात.

मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. एका शॉटसाठी त्या काकांना मी तीन तास चेंबरच्या कडेला बसवलं. त्यांचा दिवस बुडाला, तो भरून द्यायचं मला दुसऱ्या दिवशी सुचलं. श्रेयनामावलीत त्यांचं नाव माझ्या नावाखाली, मुंगीएवढ्या अक्षरात होतं. ते आता वर घेतलंय. चेहरा छापण्याआधी मात्र मी त्यांना विचारलं, "काका, ठेकेदारानं बघितलं तर?" म्हणाले, "छाप रे. लोकांनी आजवर माझं फक्त डोकं बघितलंय, वरनं."

म्हणून मी चेहरा सरकवला नाही. मार्क पडले शंभरात अडतीस. घरी आई म्हणाली, पास तर आहेस ना? आहे.

आता कामाचं. आपला अंक पिन मारलेला असतो. पिन मारलेल्या अंकात मधोमधची दोन पानं म्हणजे एकच अखंड कागद, तिथं नाक गिळलं जात नाही. काका तिथं आहेत, जातीच्या मथळ्यासकट, नारिंगी रंगाशिवाय. नखानं पिना उकला, पान अलगद काढा आणि तुमच्या बिल्डिंगचं चेंबर जिथं असेल त्याच्या समोरच्या भिंतीवर चिकटवा. खळ घरी करा, फेविकॉल महाग पडतो. फिल्म पेन ड्राइव्हवर आहे. प्रोजेक्टर आणि पांढरी चादर तुम्ही बघा, काकांना घेऊन मी येतो. त्यांचा बुडालेला रोज आधी काढून ठेवा.